भूमीखालचा वारसा आणि त्याचे मोल

वडिलार्जित मिळकतीची वाटणी करावयास बसलेल्या भावंडांपुढे घर, शेत, कुळागर आणि दागदागिने यांची किंमत ठरविण्याचा प्रश्न येतो, तेव्हा तो कितीही तंट्याचा असला तरी सुटण्यासारखा असतो. घर डोळ्यांना दिसते, कुळागरातील माड आणि पोफळी मोजता येतात, सोन्याला सराफाचा काटा असतो. आणि शेजारच्या जमिनीला गेल्या साली काय भाव आला हे गावातील चार जाणती माणसे सांगू शकतात. परंतु जी मिळकत जमिनीखाली हजारो फूट खोल आहे, जी कोणीच पाहिलेली नाही, जी वर काढल्यावाचून उपयोगाची नाही आणि काढली की कायमची संपते, तिचे मोल कोणत्या मापाने करावयाचे? वारसाहक्काने आलेल्या तेलाच्या व वायूच्या हक्कांचा हा प्रश्न अमेरिकेतील लक्षावधी कुटुंबांपुढे गेली दीडशे वर्षे उभा आहे. आपल्याकडे तो त्या स्वरूपात उद्भवत नाही. तथापि त्याचा इतिहास पाहिला असता तो आपल्यालाही परका वाटणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम भूमीखालच्या संपत्तीचा मालक कोण, हे पाहिले पाहिजे. कारण मालकीचा निर्णय झाल्यावाचून मोलाची चर्चा व्यर्थ होय. आपल्या धर्मशास्त्राने याचा विचार फार पूर्वी केला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात जुने निधी आणि भूमीतील धातू यांचा अर्धा वाटा राजाचा सांगितला असून त्याची कारणे दोन दिली आहेत: राजा रक्षण करतो, आणि तो भूमीचा अधिपती आहे. यांतील पहिले कारण विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. राजाचा वाटा हे रक्षणाचे वेतन आहे. जो राखील त्याने घ्यावे, असा त्याचा आशय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर खाणींसाठी आकराध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारीच नेमलेला दिसतो. स्वतंत्र भारतात खनिज तेलाचे उत्खनन १९४८ च्या तेलक्षेत्रविषयक कायद्याखाली सरकारी परवान्याने होते, आणि समुद्राच्या तळाखालील तेल राज्यघटनेच्या २९७ व्या अनुच्छेदान्वये संघराज्याचे आहे. १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले तेव्हा बडोदे-भडोच भागातील ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्यासाठी घेतल्या गेल्या, त्यांना मोबदला मिळाला तो पृष्ठभागाचा. तेलाच्या प्रत्येक पिंपामागे त्यांच्या नातवंडांना काही मिळत राहील अशी सोय कायद्यात नव्हती व नाही.

अमेरिकेत मात्र नेमके उलटे घडले. जमिनीच्या मालकाची मालकी खाली पाताळापर्यंत आणि वर आकाशापर्यंत, हे इंग्रजी कायद्याचे जुने तत्त्व तेथे रुजले. टेक्सस प्रांतात पूर्वी स्पॅनिश राजवटीच्या कायद्याने खनिजे राजाची होती. पण १८६६ च्या तेथील घटनेने ती जमीनमालकांना सोडून दिली. त्याआधी सातच वर्षे, म्हणजे २७ ऑगस्ट १८५९ रोजी, पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल या गावी एडविन ड्रेक याच्या विहिरीस सुमारे ६९ फुटांवर तेल लागले होते. १० जानेवारी १९०१ रोजी टेक्ससमधील स्पिंडलटॉप येथे तेलाचा प्रचंड फवारा उडाला, आणि तेव्हापासून शेतकऱ्याच्या मृत्युपत्रात गाईगुरांच्या बरोबरीने भूमीखालचे हक्कही लिहिले जाऊ लागले.

या हक्कांची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या किमतीचा उलगडा होत नाही. पहिले असे की, पृष्ठभाग आणि भूगर्भ यांची मालकी तेथे वेगळी करता येते. आजोबांनी शेत विकले, पण खालचे खनिज राखून ठेवले, असे सर्रास घडते. टेक्ससमध्ये घर घेतलेल्या आपल्या मंडळींपैकी अनेकांच्या खरेदीखतातही खालचे खनिज पूर्वीच्या मालकाने राखल्याचे कलम आढळेल. दुसरे असे की, तेल आणि वायू स्थिर नसतात. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८९ च्या एका निकालात पाणी, तेल आणि वायू यांची तुलना वनचर प्राण्यांशी केली: जोवर प्राणी आपल्या रानात आहे तोवर आपला, शेजारच्या रानात जाऊन तेथे धरला गेला की धरणाऱ्याचा. परिणामी जो आधी विहीर खणील तो शेजाऱ्याच्या जमिनीखालचे तेलही ओढून घेईल. आणि जो वारस स्वस्थ बसेल त्याच्या हाती केवळ कागद उरेल. पुढे या शर्यतीला आळा घालण्यासाठी अनेकांच्या जमिनी एका घटकात गोवून उत्पन्न क्षेत्राच्या प्रमाणात वाटण्याची पद्धत आली.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. समजा, एका शेतकऱ्याकडे १६० एकर जमिनीखालचे संपूर्ण खनिज होते. त्याला चार मुले, आणि प्रत्येक मुलास तीन मुले झाली. दोन पिढ्यांत हक्काचे बारा वाटे झाले. प्रत्येक नातवाच्या वाट्यास १३ पूर्णांक एक-तृतीयांश एकर आले. तेल कंपनीने ही जमीन ६४० एकरांच्या घटकात गोवली. नातवाचा वाटा झाला घटकाच्या अठ्ठेचाळिसावा भाग. पण तोही सगळ्या तेलाचा नव्हे. कारण विहिरीचा खर्च आणि धोका कंपनी पत्करते व मालकाला पट्ट्यात ठरलेला अंश तेवढा देते, ज्यास रॉयल्टी किंवा स्वामित्वधन म्हणतात. जुन्या पट्ट्यांत हा अंश बहुधा एक-अष्टमांश असे. तेव्हा नातवाच्या पदरी एकंदर उत्पन्नाचा तीनशेचौऱ्याऐंशीवा भाग पडला. विहिरीतून महिन्यास दहा हजार पिंपे निघाली आणि पिंपास ७० डॉलर भाव मिळाला, तर सात लाख डॉलरांतून त्याला सुमारे १,८२३ डॉलर मिळतील. आणि त्यातूनही कर व काही वेळा वाहतुकीचा खर्च वजा होईल.

येथेच वारसाची पहिली फसगत होण्याचा संभव असतो. महिन्यास १,८०० म्हणजे वर्षास एकवीस-बावीस हजार, म्हणजे वीस वर्षांत चार लाखांवर, असा सरळ गुणाकार तो करतो. पण तेलाची विहीर म्हणजे भाड्याने दिलेले घर नव्हे. शेल खडकातील विहिरींचे उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून अधिक घटते, आणि पुढे कित्येक वर्षे अल्प धार चालू राहते. शिवाय दहा वर्षांनी मिळणारे शंभर डॉलर आजचे शंभर नव्हेत. दरसाल दहा टक्क्यांनी वजावट केली तर त्यांचे आजचे मोल सुमारे साडेअडतीस डॉलर भरते. भावाची अनिश्चितता तर विलक्षणच. २० एप्रिल २०२० रोजी, महामारीमुळे मागणी कोसळून तेल साठवावयास जागा उरली नाही तेव्हा, अमेरिकन तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याचा भाव शून्याच्याही खाली, उणे ३७.६३ डॉलरांवर बंद झाला. म्हणजे तेल नेणाऱ्यालाच वर पैसे द्यावे लागले.

याच्या उलट फसगतही घडते. ज्या जमिनीवर अद्याप विहीरच नाही तिचे उत्पन्न शून्य, म्हणून तिची किंमतही शून्य, असे समजून वारस मिळेल त्या रकमेवर सही करून मोकळा होतो. आणि खरेदी करणाऱ्याला मात्र पलीकडच्या शेतात यंत्रे येणार असल्याची खबर आधीच असते. टपालाने आपणहून आलेल्या खरेदीच्या प्रस्तावाचे हेच मर्म असते. मागणी आली यावरून इतकेच सिद्ध होते की, घेणाऱ्याच्या मते ती वस्तू देऊ केलेल्या रकमेहून अधिक मोलाची आहे. आणि नुसते स्वस्थ बसणेही सुरक्षित नाही. इंडियाना राज्याने वीस वर्षे न वापरलेले व दप्तरी न नोंदविलेले खनिज हक्क पृष्ठभागाच्या मालकाकडे जातील असा कायदा केला, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९८२ मध्ये वैध ठरविला. ज्याने आपल्या वारशाची नोंद ठेवली नाही त्याचा वारसा कोणी न चोरताही गेला.

अमेरिकन करकायद्याप्रमाणे वारसाने आपल्या हक्काची किंमत धरावयाची ती सामान्यतः मूळ मालकाच्या मृत्यूच्या दिवशीची, आणि ती रास्त बाजारभावाने. रास्त बाजारभाव म्हणजे काय? घेण्यास राजी असलेला ग्राहक आणि देण्यास राजी असलेला विक्रेता, दोघांवरही सक्ती नाही आणि दोघांनाही प्रस्तुत गोष्टींची वाजवी माहिती आहे, अशा स्थितीत जो सौदा होईल त्याची रक्कम. जमिनीच्या संपादनाचे खटले चालविणाऱ्या आपल्याकडील प्रत्येक वकिलास हे तत्त्व ठाऊक आहे. ही व्याख्या वाचताना आपण आकड्याकडे धावतो. परंतु तिचा सारा भार दोन अटींवर आहे, सक्तीचा अभाव आणि माहितीची समानता. या दोन अटी नसतील तर कितीही बिनचूक गणित केले तरी त्यातून निघणारा आकडा हे मोल नव्हे, ती केवळ लुटीची पावती होय. हे विधान कोणास अतिशयोक्तीचे वाटेल. म्हणून ओक्लाहोमातील ओसेज लोकांचा इतिहास येथे सांगणे अवश्य आहे.

ओसेज हे अमेरिकेतील मूळ रहिवाशांचे एक राष्ट्र. कॅन्ससमधून हुसकले गेल्यावर त्यांनी १८७० नंतरच्या वर्षांत चेरोकी लोकांकडून सुमारे पंधरा लाख एकरांचा टापू रोख पैसे मोजून विकत घेतला. भूमी खडकाळ, नांगरास निरुपयोगी. आणि म्हणूनच गोऱ्यांचा डोळा तिच्यावर जाणार नाही, हा त्यांचा हिशेब. पण त्या खडकाखाली तेल होते. १८९६ मध्ये साऱ्या टापूचा तेलासाठीचा पट्टा एकाच फॉस्टर नामक गृहस्थास दहा वर्षांसाठी दिला गेला. पुढे सरकारने जमातीची सामाईक जमीन व्यक्तींना वाटून टाकण्याचे ठरविले तेव्हा ओसेजांचे प्रमुख जेम्स बिगहार्ट आणि त्यांच्या बाजूचे वकील जॉन पामर यांनी एक कलम मोठ्या दूरदृष्टीने घालून घेतले. २८ जून १९०६ च्या कायद्याने पृष्ठभाग वाटला गेला. परंतु भूगर्भ वाटला गेला नाही. खालचे सारे खनिज जमातीच्या सामाईक मालकीचे राहिले, आणि त्याचे उत्पन्न यादीत नोंदलेल्या २,२२९ व्यक्तींना सारख्या वाट्याने मिळावे असे ठरले. या एकेका वाट्यास हेडराइट, म्हणजे माणशी हक्क, असे नाव पडले. तो विकता येत नसे. वारशाने मात्र मिळे.

गोमंतकातील वाचकांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल. गावकरीची, म्हणजेच कोमुनिदादीची, जमीन सामाईक, आणि गावकऱ्यांना मिळणारी वार्षिक जोण हा तिच्या उत्पन्नातील वाटा. भेद इतकाच की, जोण गावकऱ्याच्या वंशजास जन्मजात अधिकाराने मिळते, तिचे तुकडे पडत नाहीत. हेडराइट मात्र मूळच्या २,२२९ संख्येवर गोठला. त्यामुळे यादी बंद झाल्यावर जन्मलेल्या मुलास स्वतःचा असा काहीच हक्क नव्हता. कोणी मरेल तेव्हा त्याच्या वाट्याचा अंश मिळे. अर्थात हक्क मिळविण्याचा जवळजवळ एकच मार्ग उरला, आणि तो म्हणजे दुसऱ्याचा मृत्यू. कायदा करणाऱ्यांच्या हे ध्यानातही आले नसेल. पण पुढची सर्व भीषणता या एका योजनेत बीजरूपाने होती.

१९२० च्या सुमारास पॉहस्का गावातील एका वृक्षाखाली ओसेज भूमीच्या पट्ट्यांचे लिलाव होत, आणि १६० एकरांच्या एकेका तुकड्यास दहा लाख डॉलरांहून अधिक बोली लागल्याची उदाहरणे आहेत. १९२५ मध्ये एका हेडराइटचे वार्षिक उत्पन्न सुमारे १३,००० डॉलर झाले. चार-पाच हक्क एकवटलेले कुटुंब त्या काळी श्रीमंतांत गणले जाई. मग सरकारला प्रश्न पडला, की या लोकांना आपल्या पैशाचा विनियोग करता येईल काय? १९२१ च्या कायद्याने ठरले की, ज्यांच्या अंगात निम्मे वा अधिक ओसेज रक्त आहे त्यांनी आपली सक्षमता सिद्ध करावी. तोवर त्यांच्यावर पालक नेमावा आणि प्रौढ माणसाच्या हाती तिमाहीस हजार डॉलरांहून अधिक पडू देऊ नये. बँकेत लाखो डॉलर असलेल्या आईला मुलाच्या औषधासाठी पालकाची सही मागावी लागे. पालक बहुधा गावातलाच गोरा व्यापारी किंवा वकील असे. तो आपल्या दुकानातला माल चढ्या भावाने पाल्याला विकी आणि पाल्याच्याच खात्यातून पैसे वळते करून घेई.

देवस्थानाच्या कारभाराशी संबंध आलेल्या वाचकांना येथे आपल्या कायद्यातील एक कल्पना आठवेल. देवता ही कायद्याच्या दृष्टीने नित्य अज्ञान समजली जाते. तिची मिळकत विश्वस्तांच्या हाती असते, आणि म्हणूनच विश्वस्ताने देवतेच्या मिळकतीचा स्वतः ग्राहक होऊ नये, तिच्या पैशातून स्वतःचा लाभ करू नये, असा कडक दंडक आहे. ज्याचे आपण पालक, त्याच्याशी व्यापार करावयाचा नाही. पालकत्वाची हीच कसोटी. ओसेजांच्या बाबतीत ही कसोटीच उलटी फिरविली गेली. तेथे जे अज्ञान नव्हते त्यांना अज्ञान ठरविले, आणि ज्यांनी राखावयाचे त्यांनाच घेण्याची मुभा राहिली.

याचा शेवट रक्तपातात झाला. मॉली बर्कहार्ट या ओसेज स्त्रीच्या घराण्याची कथा आता पुस्तकामुळे आणि २०२३ मध्ये निघालेल्या चित्रपटामुळे जगभर झाली आहे. तिची बहीण अ‍ॅना ब्राऊन १९२१ च्या मे महिन्यात गोळी घालून मारली गेली. त्याच वर्षी आईचा मृत्यू झाला. मार्च १९२३ मध्ये दुसऱ्या बहिणीचे घर स्फोटाने उडविले गेले. एकेका मृत्यूबरोबर त्या घराण्याचे हेडराइट मॉलीकडे एकवटत गेले, आणि मॉलीचा पती होता विल्यम हेल या बड्या पशुपालकाचा भाचा. त्याच हेलने हेन्री रोन या ओसेज गृहस्थाचा २५,००० डॉलरांचा आयुर्विमा स्वतःच्या नावे करून घेतला होता. १९२३ मध्ये रोनचाही खून झाला. केंद्रीय तपास खात्याच्या चौकशीनंतर मॉलीच्या पतीने १९२६ मध्ये गुन्हा कबूल केला, आणि हेल यास १९२९ मध्ये जन्मठेप झाली. बळींची संख्या सरकारी तपासात दोन डझनांच्या घरात धरली गेली; संशोधकांच्या मते ती याहून पुष्कळ मोठी होती. फेब्रुवारी १९२५ मध्ये कायदा बदलून, निम्मे वा अधिक ओसेज रक्त असलेल्या व्यक्तीचा हेडराइट ओसेज नसलेल्यास वारशाने मिळू नये असे ठरले. ही दुरुस्ती योग्यच होती. पण ती इतक्या चितांच्या उजेडात सुचावी हे कायद्याला भूषणावह नाही.

खून थांबले, तरी हिशेबाचा प्रश्न संपला नाही. भूगर्भाची सामाईक मालकी ठरावीक मुदतीची होती, ती वाढत वाढत १९७८ मध्ये कायमची झाली. तेलाचा भाव काय धरावा, रॉयल्टी किती यावी, आलेला पैसा कोठे गुंतवावा, हे सारे अमेरिकेचे केंद्र सरकार विश्वस्त या नात्याने पाहत होते. रॉयल्टी योग्य भावाने गोळा केली गेली नाही आणि निधी नीट राखला गेला नाही, असा दावा ओसेजांनी १९९९ मध्ये लावला, आणि २०११ मध्ये सरकारने ३८ कोटी डॉलर देऊन तो मिटविला. आजही काही हेडराइट ओसेज नसलेल्या व्यक्तींच्या आणि संस्थांच्या हाती आहेत, आणि ते परत मिळविण्याचे प्रयत्न चालू आहेत. या १९०६ पासूनच्या इतिहासातून एकच सूत्र निघते. भूमीखालच्या वारशाचे मोल तेलाच्या पिंपांवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते हिशेबाची वही कोणाच्या हाती आहे आणि ती वारसाला उघडून पाहता येते की नाही, यावर अवलंबून असते.

आता गोमंतकाकडे वळू. आणि हे वळण ओढूनताणून घेतलेले नाही. ज्या १९०६ साली ओसेजांचा कायदा झाला, त्याच साली २० सप्टेंबर रोजी पोर्तुगीज सरकारने आपल्या वसाहतींतील खाणींचा फर्मानवजा कायदा काढला. त्याखाली गोव्यात जी खाण-कन्सेशने दिली गेली, ती अटी पाळल्या जात असेतोवर बेमुदत होती. ती हस्तांतरित होत आणि पिढ्यान्‌पिढ्या वारशाने चालत. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांतील लोहखनिजावर उभ्या राहिलेल्या घराण्यांच्या वाटपात कन्सेशन ही इतर कोणत्याही मिळकतीसारखी मिळकत होती. तिचे मोल काय? कागदावर अंत नाही, म्हणून मोलालाही अंत नाही, असे कोणास वाटले असल्यास नवल नाही.

परंतु ज्या सत्तेने बेमुदत म्हटले ती सत्ताच बेमुदत नव्हती. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला. आणि १९८७ च्या संसदीय कायद्याने ही कन्सेशने २० डिसेंबर १९६१ पासून रद्द ठरवून त्यांचे मुदतीच्या खाणपट्ट्यांत रूपांतर केले. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात या पट्ट्यांची वाढीव मुदतही २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपल्याचे सांगितले. पुढे राज्य सरकारने, खाणपट्ट्यांना लिलाव सक्तीचा करणारा अध्यादेश १२ जानेवारी २०१५ रोजी निघण्याच्या सुमारास, घाईने नूतनीकरणे केली. ८८ पट्ट्यांची ती नूतनीकरणे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द झाली. ज्यांनी आपल्या वाट्यात कन्सेशन घेऊन भावास घर सोडले, आणि ज्यांनी घर घेऊन कन्सेशन सोडले, त्यांच्या वाटण्यांचे तराजू अशा रीतीने एका निकालाबरोबर खालीवर झाले. भूगर्भातील हक्काचे मोल करताना खनिज किती आणि भाव किती याबरोबर कायद्याची मुदत किती, हाही एक गुणक धरावा लागतो, तो असा.

येथे एक शंका संभवते. मालक सरकार असो वा खाजगी माणूस, खनिज एकदाच निघते. मग सामान्य गोमंतकीयाला या साऱ्याचे काय? तिचे उत्तर २०१४ च्या त्याच निकालात आहे. उत्खनन करून विकलेल्या लोहखनिजाच्या विक्रीरकमेतील दहा टक्के वाटा गोव्याच्या लोहखनिज कायम निधीत जमा करावा, आणि तो शाश्वत विकासासाठी व पुढील पिढ्यांच्या न्याय्य हितासाठी असावा, असे न्यायालयाने त्यात ठरविले. खनिज हे आजच्या पिढीचे उत्पन्न नसून अनेक पिढ्यांचे भांडवल आहे, ते विकून खाल्ले तर मुलांच्या वाट्यास केवळ खड्डे येतील, हा त्यामागील विचार.

हा विचार आपल्याला नवा वाटण्याचे कारण नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने लिहिलेल्या मिताक्षरेत पुत्राचा वडिलार्जित मिळकतीवरील हक्क जन्मतःच उत्पन्न होतो असे मांडले आहे; आणि तेथेच एका स्मृतिवचनाच्या आधारे असेही सांगितले आहे की, जे जन्मले, जे अद्याप जन्मले नाहीत आणि जे गर्भात आहेत, त्या सर्वांना उपजीविकेची अपेक्षा असते; म्हणून कुलाच्या स्थावराचे दान वा विक्रय मनमानीने करू नये. ओसेजांच्या यादीने न जन्मलेल्याला वगळले, आणि त्यातून अनर्थ ओढवला. आपल्या शास्त्रकाराने न जन्मलेल्याला वाटणीच्या पंक्तीत आधीच बसविले होते.

वकिलाकडे आलेला पक्षकार पहिला प्रश्न विचारतो, किंमत किती? वकिलाचा पहिला प्रश्न असतो, कागद कोठे आहेत? भूमीखालचा वारसा ज्यांच्या वाट्यास आला असेल, मग ते टेक्ससमधील आप्त असोत वा कोणी, त्यांना याच क्रमाने जावे लागेल. मालकीची साखळी आधी जुळवावी. आपला नेमका अंश काढावा. पट्ट्याच्या अटी, रॉयल्टीचा दर आणि कपाती पाहाव्यात. आजवरच्या उत्पादनाची घट तपासावी. आसपास काय चालले आहे याची चौकशी करावी. आणि मृत्यूच्या दिवसाचे मूल्य, ज्याला विकत घ्यावयाचे नाही अशा जाणकाराकडून, लेखी करून घ्यावे. हे सारे झाल्यावर जो आकडा येईल तो अंदाजच असेल; पण तो वारसाचा स्वतःचा अंदाज असेल.

आणि गोव्याच्या खनिजाचे आपण सारेच वारस असल्यामुळे ही रीत आपल्यालाही लागू आहे. देवस्थानाच्या सभेत जमाखर्च वाचला जातो तेव्हा महाजन कान देऊन ऐकतात, आणि एखादी रक्कम जुळली नाही तर उभे राहून विचारतात. देवाची मिळकत आहे, तिला स्वतःला बोलता येत नाही, म्हणून आपण बोलावयाचे, ही त्यामागील भावना. जे अद्याप जन्मले नाहीत त्यांनाही बोलता येत नाही. खाणीतून किती टन निघाले, कोणत्या भावाने विकले गेले, कायम निधीत किती जमा झाले आणि ते कोठे ठेवले आहे, हे त्यांच्या वतीने त्याच आस्थेने विचारणे हे आपले काम आहे. राखणाऱ्यानेच वाटा घ्यावा असे मनूने सांगितले. राखले की नाही, हे पाहण्याचे काम वारसांचे आहे.